ती मागे बसते

१

परदेशातून परत आले तेव्हा माझ्या सामानात कपडे कमी आणि काटे जास्त होते. चार चपटे वजनकाटे, गाडीच्या प्रत्येक चाकाखाली ठेवायला एक, आणि चारही काट्यांचे आकडे दाखवणारी एक डबी. विमानतळावरच्या तपासनिसाने विचारलं, "हे काय?"

"माझे दागिने," मी म्हटलं. तो हसला नाही. मी मात्र बाहेर येईपर्यंत एकटीच हसत होते.

सहा वर्षं मी एकच गोष्ट शिकले. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये जे काही असतं, ते. स्प्रिंगा, शॉकअप, रबरी बुश. रस्ता कसाही असो, आत बसलेल्याला तो कळता कामा नये, एवढंच आमच्या विद्येचं सार. तिथे नोकरीही लागली होती. पण तिथले रस्ते गुळगुळीत. त्या लोकांना माझी काय गरज? गरज होती ती बाबांच्या गॅरेजसमोरून जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे रोज हजार माणसांच्या पाठी खिळखिळ्या होतात आणि कुणी तक्रारसुद्धा करत नाही.

बाबांना सगळे वस्ताद म्हणतात. अठ्ठावीस वर्षं त्यांनी गाड्या तळहाताने तपासल्या. गाडीचा कोपरा दाबायचा, सोडायचा आणि बघायचं. गाडी एकदा वर यावी, अर्धी खाली जावी आणि थांबावी. ह्याला ते 'दीड' म्हणतात. वस्तादांचा हात चुकत नाही, असं लोक सांगतात. माझं म्हणणं इतकंच होतं की तो हात एकच आहे आणि म्हातारा होत चाललाय. आकडा म्हातारा होत नाही. आकडा दुसऱ्याला देता येतो.

गॅरेजच्या दारात एक लाकडी बाक आहे. बाबा त्यावर मधोमध बसतात आणि कुणीही आलं की सरकतात. गिऱ्हाईक, वाटसरू, कुणीही. बोलता बोलता सरकतात, त्यांना ते कळतही नाही. मऊ माणूस. मी त्यांच्यावर गेले नाही, हे आई कौतुकानेही म्हणते आणि रागानेही.

"एक गाडी घे," बाबा म्हणाले. "जुनी, मऊ झालेली. तुझ्या काट्यांनी ती सरळ उभी करून दाखव. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी जुनी गिऱ्हाइकं बोलावतो. त्यांना बसवून फिरवून आण. जमलं तर गॅरेजची किल्ली तुझी, पाटीवर नाव तुझं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर माझा हात आहेच की."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

२

गाडी मिळाली एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. उंच, रुंद खांद्यांची एसयूव्ही, आठ वर्षं वापरलेली, रंग अजून छान. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. मी भोवती एक फेरी मारली आणि मागचा डावा कोपरा खाली गेलेला मला लगेच दिसला. ह्या कामात नजर तयार झाली, ह्याचा मला तेव्हा आनंदच झाला.

बाई पायरीवर उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ती मागे बसते. आधीच सांगते. तेवढं सोडलं तर गाडी उत्तम आहे."

"दिसलं मला. मऊ झालीये. कडक करून घेईन."

"नका करू," त्या म्हणाल्या. "तिला मऊच बरं वाटतं."

लोक गाडीबद्दल असं बोलतात. तिला चढ आवडत नाही, तिला सकाळी उठायला वेळ लागतो. मी हसले. "तुम्ही कधी करून पाहिलं होतं का?"

"एकदा केलं होतं. महिनाभराने पुन्हा होतं तसं करून घेतलं."

"का?"

"आमच्या ह्यांना सोसेना."

उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. त्यांचे यजमान खुर्चीत बसले होते, डावीकडे पूर्ण कललेले, कोपराखाली दोन उशा. मला बघून त्यांनी उजवा हात वर केला. मी मनातल्या मनात नोंद केली: कुणीतरी अडाण्यासारख्या भलत्याच कडक स्प्रिंगा घातल्या असणार, म्हाताऱ्या माणसाची पाठ गेली. अशांसाठीच तर मी परत आले.

निघताना बाई गाडीपाशी आल्या. मागचं डावं दार उघडून त्यांनी सीटवरची धूळ हाताने झाडली, दार हळू लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खड्ड्यांतून सांभाळून."

३

गॅरेजमध्ये मी जमीन आधी पाण्याच्या नळीने तपासली. सपाट. चार चाकांखाली चार काटे सरकवले. शेजारच्या पत्र्याच्या शेडमधले डेंटरकाका हातोडी खांद्यावर टाकून बघायला आले.

"काय इंजिनिअरबाई, गाडीचं वजन कमी करायचंय? मग आधी माझं करा."

"काका, तुमच्यासाठी ट्रकचा काटा लागेल."

"वस्ताद, ऐकलं का? सहा वर्षांत पोरगी एवढंच शिकून आली."

बाबा बाकावरून हसले.

मागच्या डाव्या चाकाच्या कमानीची उंची उजवीपेक्षा बावीस मिलिमीटर कमी होती. डाव्या काट्यावर उजव्यापेक्षा पंचावन्न किलो जास्त. ह्या गाडीची स्प्रिंग अडीच किलोला एक मिलिमीटर दबते. हिशेब तंतोतंत जुळत होता. मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. इतका नेमका जुळलेला हिशेब बघितला की मला अजूनही गाणं म्हणावंसं वाटतं.

मग वाटलं, पण पंचावन्न किलो कशाचे?

स्टेपनी काढली. अवजारांची पेटी काढली. टाकीतलं तेल उपसलं. पायपुसण्या, मागचं झाकण, सगळं बाहेर. दोन्ही बाजूंचे आकडे कमी झाले, फरक पंचावन्नच राहिला. मी डावी स्प्रिंग उजवीकडे आणि उजवी डावीकडे घातली. स्प्रिंग थकलेली असती तर खोट तिच्याबरोबर उजवीकडे गेली असती. गाडी डावीकडेच बसलेली राहिली.

शेवटी मागची सीट काढली. डबीवर दोन्ही बाजूंचे आकडे झटकन सारखे झाले.

"सापडलं!" मी ओरडले. बाबा उठून आले. मी सीट फरशीवर उलटीपालटी केली. फोम, तारा, कापड. तिचं वजन केलं. पूर्ण सीट अठरा किलो.

सीट परत बसवली. फरक शून्य. म्हणजे काहीतरी अडकलं होतं आणि आता सुटलं, असं स्वतःला समजावून मी दार लावलं आणि बाकावर बाबांबरोबर चहा प्यायला बसले. दहा मिनिटांनी आत गेले.

पंचावन्न.

४

बाबांनी त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. दाबला, सोडला. मग हात काढून ते त्याच्याकडेच बघत राहिले.

"किती?" मी विचारलं. "दीड?"

"दीड नाही." त्यांनी हात पँटला पुसला. "हात लावला की सावरून बसल्यासारखी वाटते."

"कोण?"

"गाडी. दुसरं कोण?" ते बाकाकडे गेले. "राहू दे पोरी. दुसरी गाडी बघ."

हे ऐकून माझं नाक लाल झालं असणार. दुसरी गाडी बघ! अठ्ठावीस वर्षं ह्या रस्त्यावर हेच चाललंय: जमत नाही, राहू दे, चालतंय. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि डबी घेऊन गाडीसमोर स्टुलावर बसले.

दुपारची उन्हाची पट्टी फरशीवर सरळ पडली होती. बाहेर डेंटरकाकांची हातोडी थांबली होती. ते जेवायला गेले होते. डबीवर चार आकडे. तीन आकडे स्थिर होते. चौथ्याचा शेवटचा अंक हलत होता. दशांश दोन, दशांश चार, दशांश तीन, दशांश एक. पुन्हा दोन.

काटा बिघडलाय, असं वाटलं. जॅकने गाडी उचलून मी तो काटा काढला आणि त्यावर लोखंडी ठोकळा ठेवला. आकडा चढला, थांबला. कुठलाच अंक हलला नाही. मग ठोकळा काढून मी स्वतः काट्यावर उभी राहिले, हात अंगाला चिकटवून, अगदी निश्चल.

शेवटचा अंक हलत राहिला.

हे मला माहीत होतं. पहिल्याच वर्षी शिकवतात: माणूस काट्यावर उभा असेल तर शेवटचा अंक वाचू नका. तो श्वासाने हलतो.

मी काटा परत चाकाखाली सरकवला. शटर पूर्ण लावलं, पंखा बंद केला. दशांश तीन, दशांश एक, दशांश चार. मी श्वास रोखला. अंक हलतच राहिला, अगदी संथ, जेवल्यानंतर निवांत बसलेल्या माणसासारखा.

वहीत मी लिहिलं: 'वाऱ्याचा परिणाम.' आणि खाली रेघ मारली.

५

नव्या स्प्रिंगा मी स्वतः मापं देऊन वळवून घेतल्या होत्या. तार जाड, कडकपणा बरोबर दुप्पट. घालताना मी कुणालाही हात लावू दिला नाही. नव्या लोखंडावरचा काळा रंग बोटांना लागत होता आणि मला वाटत होतं, हे इथे केलं, आपल्या हाताने, आपल्या गॅरेजमध्ये. परदेशातल्या माझ्या सोबत्यांना फोटोही पाठवला.

दुप्पट कडक स्प्रिंग, म्हणजे निम्मं दबणार. बावीसचे अकरा. हे कागदावर काढायचीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं आणि फूटपट्टी लावली. बावीस.

डबी लावली. फरक एकशे दहा किलो.

मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. मला भीती वाटली असं म्हणणं खोटं ठरेल. मला अपमान वाटला. मी कडक केलं तितकं कुणीतरी जास्त जोर देऊन बसलं होतं. मिलिमीटरभरही वर न येता. मी खालून रेटलं, तर वरून तेवढंच रेटून उत्तर आलं होतं.

आत डोकावले. मागच्या सीटवर काही नव्हतं. डावीकडचं कापड थोडं सुरकुतलेलं, बस्स. कापड सुरकुततंच.

"बरं," मी गाडीला म्हटलं. "बघूच."

मी कडक रबराचे ठोकळे कापून दोन्ही स्प्रिंगांच्या पोटात ठोकून बसवले, कुठल्याच वेढ्याला दबायला जागा राहणार नाही असे. ह्याला सस्पेन्शन म्हणत नाहीत, ह्याला हट्ट म्हणतात, हे मला कळत होतं. रविवार झाला की ठोकळे काढून नीट बसवू, असं मी ठरवलं. आधी सरळ उभी तर राहू दे.

शेवटचा ठोकळा बसवताना गाडीतून एक आवाज आला. फोममधली हवा सुटावी तसा. कुणी उठलं की सीट करते तसा.

मी फूटपट्टी लावली. डावीकडे, उजवीकडे. सारखी. काटे सारखे. चारही आकडे दगडासारखे स्थिर.

त्या दिवशी मंगळवार होता. डेंटरकाकांनी दुरून बघून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. "उभी केलीस गं! परेडला निघाल्यासारखी उभी आहे!"

मी बाबांकडे बघितलं. ते बाकावर बसले होते. हसत होते. आणि हसता हसता ते थोडे उजवीकडे सरकले.

बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

६

बुधवारी सकाळी आई भाजी चिरत असताना म्हणाली, "अगं, तुझे बाबा कॉटच्या अगदी काठावर झोपायला लागलेत. मी म्हटलं, सरका की आत. तर झोपेतच म्हणतात, जागा नाही."

गुरुवारी बाबांचा शर्ट डावीकडे लोंबत होता. मी म्हटलं, बटणं चुकलीत. त्यांनी बटणं सोडून परत लावली. शर्ट तसाच लोंबला. बटणं बरोबर होती, खांदा खाली गेला होता.

"दुखतंय का?"

"दुखत नाही. जड झालाय. वय झालं की हाडं बसतात, गाडीसारखी."

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, हात वर-खाली करायला लावला. म्हणाले, हाडात काही नाही, आराम करू द्या. बाहेर पडताना मी बाबांच्या मागून चालत होते. आणि माझी ती तयार झालेली नजर, जिचं मला एवढं कौतुक, ती बघत होती. मी डोळे मिटून घेतले. मोजायचं नाही, असं ठरवलं. तरी मापं कळलीच. बावीसपेक्षा जास्त.

शुक्रवारी दुपारी मी ऑफिसच्या काचेमागे रविवारची यादी करत होते. काचेतून बाक दिसतो. बाबा एकटे बसले होते, उन्हात, डावीकडे कललेले. त्यांच्या डाव्या खांद्यावरचं कापड आत दबलेलं होतं. सुरकुती नव्हती. सपाट, खोलगट, बशीएवढी जागा. तिच्या एका कडेला चार बारीक खळगे होते, ओळीने, आणि ते कमी-जास्त होत होते.

बाबांचा उजवा हात वर आला. काही न बघता, रस्त्यावरची नजर न हलवता, त्यांनी त्या जागेवर थोपटलं. थकलेल्या माणसाला धीर देतात तसं.

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. मी ती उचलायला वाकले आणि बराच वेळ टेबलाखालीच राहिले.

७

शिक्षिकेला मी फोन केला तो भांडायला. निदान मला तसं वाटत होतं.

"गाडीत काय आहे ते तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"सांगितलं होतं मी." त्यांचा आवाज शांत होता, वर्गात तिसऱ्यांदा समजावताना असतो तसा. "पहिलं वाक्य तेच बोलले होते. तुम्ही ऐकलंत कुठे? ती मागे बसते."

मी फोन कानाला लावून उभी राहिले. काचेपलीकडे गाडी सरळ, ताठ उभी होती. दोन शब्द आणि एक सर्वनाम. सहा वर्षं परक्या भाषेत शिकून आले आणि माझ्याच भाषेतलं तीन शब्दांचं वाक्य मला कळलं नव्हतं.

"कडक केलीत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणाला सोसेना झालंय?"

"बाबांना," मी म्हटलं.

"किती दिवस झाले?"

"चार."

"आम्ही महिना लावला," त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी खोकलं, खुर्ची करकरली. "आमचा हट्ट. तुम्ही शहाण्या दिसता."

८

शहाणी मी नव्हते. शनिवारचा पूर्ण दिवस मी वाया घालवला. वही काढून सगळे आकडे पुन्हा तपासले. बाबांच्या खांद्याला शेक दिला. गाडी विकून टाकू, असं ठरवलं. मग वाटलं, गाडीत आता आहेच कोण? गाडी गेली आणि बाबा तसेच राहिले तर?

खरी गोष्ट सांगायची तर मला रविवार सोडवत नव्हता. मी परत आले ती ह्या एका दिवसासाठी. बसलेली गाडी दहा लोकांसमोर आणायची म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही. वस्तादांच्या शिकलेल्या लेकीला एवढं जमलं नाही, हे वाक्य मला आधीच ऐकू येत होतं, प्रत्येकाच्या वेगवेगळ्या आवाजात.

रविवारी सकाळी बाबा चहाचा कप डाव्या हाताने उचलायला गेले आणि कप उचललाच गेला नाही. त्यांनी तो उजव्या हाताने उचलला आणि मला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून प्यायले.

मी सात वाजता गॅरेज उघडलं.

ठोकळे काढले. नव्या स्प्रिंगा काढल्या. त्यांच्यावरचा काळा रंग अजून तसाच होता. जुन्या, मऊ स्प्रिंगा कोपऱ्यातून ओढून आणल्या, पुसल्या, घातल्या. मग शॉकअपकडे वळले आणि तिथे मात्र मी माझी सगळी विद्या पणाला लावली. आतलं तेल बदललं, झडपा पुन्हा जुळवल्या, खड्डा आला तर धक्का गिळला जाईल आणि गाडी झोकांड्याही खाणार नाही अशा. मऊ ते मऊच ठेवलं, पण ढिलं ठेवलं नाही. हे काम मी आयुष्यात इतकं चांगलं कधीच केलं नव्हतं. चाकांखाली काटे सरकवले. फरक शून्य.

साडेआठला बाबा आले, एका अंगाला वाकून चालत.

"बाबा, जरा हे दार धरता?"

मी मागचं डावं दार उघडलं होतं. त्यांनी उजव्या हाताने ते धरलं. सकाळचं ऊन सीटवर पडलं होतं. मी हाताने सीटवरची धूळ झाडली. आधी 'ये' म्हणावंसं वाटलं. मग वाटलं, वय माहीत नाही.

"बसा," मी म्हटलं.

काहीच झालं नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"मऊ केलंय," मी म्हटलं. "पूर्वीपेक्षा चांगलं. बसून तर बघा."

बाबांच्या खांद्यावरचं कापड हललं. त्यातला खळगा सावकाश भरत वर आला, दाबलेलं बोट काढल्यावर कणीक येते तसा. सीटच्या कापडावर उन्हातच एक सावली पडल्यासारखी दिसली, पण ती सावली नव्हती, खोलगट जागा होती. आधी एक, मग शेजारी दुसरी. स्प्रिंग हलकीच कुरकुरली. कोपरा खाली गेला, एकदा वर आला, अर्धा खाली गेला आणि थांबला.

डबीवर पंचावन्न. शेवटचा अंक हलत होता.

बाबांनी डावा खांदा वर-खाली केला. "अगं, मोकळा झाला." मग त्यांनी दार लावलं, हळू, आणि विचारलं, "बसली?"

"बसली, बाबा."

त्यांनी त्या कोपऱ्यावर तळहात टेकवला. दाबलं नाही, नुसता ठेवला. "दीड," ते म्हणाले. मग खिशातून किल्ली काढून माझ्या तेलकट हातात दिली आणि बाकावर जाऊन मधोमध बसले.

९

नऊला सगळे आले. आधी डेंटरकाकांनी बघितलं.

"अहो इंजिनिअरबाई! ही मागून बसली की! मंगळवारी तर परेडला निघाली होती."

काही जण हसले. कुणीतरी मागे तेच वाक्य म्हणालं, माझ्या अपेक्षेइतक्याच आवाजात. मी मान ताठ ठेवली.

"हो," मी म्हटलं. "ती मागे बसते. तेवढं सोडलं तर गाडी उत्तम आहे."

"बघू तरी, आत काय भरलंय एवढं," म्हणत काका मागच्या डाव्या काचेपाशी गेले. दोन्ही हातांचा आडोसा करून, नाक काचेला टेकवून त्यांनी आत बघितलं. तोंडावर अजून हसू होतं. मग ते हसू तिथेच राहिलं, बाकीचा चेहरा मात्र निघून गेला. त्यांनी हात काढले, एक पाऊल मागे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माफ करा."

ते मला म्हणाले नव्हते.

काय दिसलं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. त्या दिवशी ते पुढच्या सीटवर बसले, बाकीचे आळीपाळीने मागे उजवीकडे. डावीकडे कुणी बसायला गेलंच नाही, आणि मी सांगितलंही नव्हतं. समोरच्या खराब रस्त्यावरून मी सगळ्यांना फिरवून आणलं. उतरताना एक आजोबा म्हणाले, "रस्ता नवा केला की काय?"

पाटी अजून जुनीच आहे. किल्ली माझ्याकडे असते. गाड्या येतात, चार काट्यांवर उभ्या राहतात, आकडे घेऊन जातात. बाबा डावा हात डोक्याच्या वर नेऊन मला मुद्दाम दाखवतात.

ती गाडी मीच चालवते. आतला आरसा मी थोडा वर वळवून ठेवला आहे. खड्डा दिसला की हळू करते, वळणावर बाहेरून मोठं वळण घेते. लोकांना वाटतं, गाडीला जपते. दर महिन्याला शॉकअपच्या झडपा तपासते, तेल बदलते, बुश बदलते. ह्या रस्त्यावर इतक्या सुखाने कुणालाही कुणी नेत नसेल. इतके महिने झाले, मागून अजून एकदाही तक्रार आलेली नाही. ह्याचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटतो.